शेड, नग एक

माप घ्यायला खवणेकरांचा तन्मेश आला.
हातात एक डबी, तिच्यातून लाल टिकली निघते
आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसते,
मी लावायचे तेवढीच, हे होते तोवर.
"काकी, हसा नको गो, माका दिवसाक पाचशे मिळतत."
म्हटलं, हसत नाही रे. घे माप. चहा ठेवते.

ओटी मोजली, माजघर मोजलं,
न्हाणी मोजली. तिथे पाणी कधी येतं ते नाही मोजलं.
येतं एक दिवसाआड, रात्री अडीचला,
आधी वारा, मग गंज, मग पाणी थोडं.
मागीलदारी ह्यांची होडी पालथी आहे,
तिच्यावर चार वासे, सहा पत्रे.
"ह्यां काय गो?"
"होडयेचो मांगर."
त्याने लिहून घेतलं.

गाव होतं तेव्हा वर्षाला चारशे दहा.
ग्रामसेवक ओटीवर बसून पावती फाडायचा
आणि उठताना सुके बांगडे मागायचा, लाजत.
मग एका सकाळी आम्ही शहर झालो.
रस्ता तोच, गटार तेच,
फक्त कमानीवर नगरपंचायत असं नवं रंगवलं,
त्यातला शेवटचा त खाली घसरलेला.

बिल आलं तीन हजार आठशे साठ.
चष्मा लावून वाचलं, पोथी वाचावी तसं, अर्थ न लागता.
दिवाबत्ती. अग्निशमन. वृक्ष कर.
विशेष स्वच्छता, म्हणजे साधी नव्हे.
घंटागाडी शेवटची गणपतीत दिसली होती.
बंब तालुक्याहून येतो,
येईपर्यंत राख भरून झालेली असते.
झाडं आहेत, हे खरं. माझी आहेत.
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
शेड, नग एक.

त्याच पावसात बाबल तांडेल गेला.
स्मशानाचे पत्रे आदल्या वादळात उडालेले,
नव्यांचा ठराव झालाय, तीनदा.
बाबलला आम्ही ताडपत्रीखाली जाळला,
चार पोरं चार कोपरे धरून, खोकत,
आणि भटजी मंत्र सोडून ओरडतायत, वर धरा, अजून वर.
जन्मभर समुद्रात भिजलेला माणूस,
पेटायला दुपारचे तीन वाजवले त्याने.
डिझेल सोसायटीचं.

सुनावणीला माझं टोकन बावन्न.
"द्वारका आत्माराम कुबल?"
साहेब तरुण, घाटावरचे, सर्दी झालेली.
म्हणाले, आजी, पत्रा आहे म्हणजे छत आहे,
छत आहे म्हणजे बांधकाम आहे.
म्हटलं, आणि जिथे पत्रा नाही तिथे काय आहे?
त्यांनी उगाच वर पाहिलं. पंखा बंद होता.
मग म्हणाले, काढून टाका शेड, अर्ज द्या,
पुढच्या वर्षी कमी होईल.

काढली.
रविवारी तन्मेश आला, बाबलचे दोघे मुलगे आले,
रापणीवरचे तिघे न बोलावता.
पत्रे डोक्यावर घेऊन पुळणीतून निघाले,
उन्हात डोळे दिपवत,
घरच उठून चालायला लागल्यासारखे.
स्मशानात नुसते लोखंडी खांब उभे होते, त्यांना वासे बांधले
जाळ्याच्या दोरीने. गाठी मी मारल्या.
त्या वाऱ्याला सुटत नाहीत.
होडी उघडी पडली. तिला पाण्याचं काय एवढं.

यंदाचं बिल काल आलं, चार हजार दोनशे.
शेड, नग एक, जागच्या जागी.
तन्मेश म्हणतो, काकी, परत अर्ज करूया.
म्हटलं, राहू दे. भरते.
तशी शेड माझीच आहे,
जरा लांब आहे एवढंच.
चालत दहा मिनिटं, भरती असली तर पंधरा,
आणि खांद्यावरून किती
ते बाबलच्या पोरांना विचारायला हवं.